उष्टा धूर

रत्नाकर दिघेच्या पोटात दुखायला लागलं ते १९८२ सालच्या मार्च महिन्यात, एका रविवारी सकाळी, देवासला मेहुण्यांच्या व्हरांड्यात. कारण एवढंच, की त्याची बायको हसली. नवऱ्याच्या बोलण्यावर हसली असती तर दुखण्याचा प्रश्नच नव्हता. ती हसली साडूच्या बोलण्यावर, आणि तेही मांडीवर उघडं पुस्तक ठेवून, मान मागे टाकून, अगदी खळखळून.

लग्नाला चौदा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. या चौदा वर्षांत नलिनी हसलीच नव्हती असं नाही. पण आपल्यामुळे ती अशी कधी हसली होती, हे रत्नाकर आठवायला लागला आणि त्याला एकही प्रसंग आठवेना. मग त्याने हातातला चहा तसाच खाली ठेवला.

रत्नाकर धारचा. संस्थान होतं तेव्हा त्याचे वडील कृष्णराव मोटारखान्यात मुख्य मिस्त्री होते. संस्थान गेलं, मोटारखाना गेला, पण दिघ्यांच्या घरातला तोरा काही गेला नाही. घोडा चौपाटी नावाच्या चौकापासून जरा पुढे रत्नाकरचं गॅरेज होतं. चालू इंजिनाला मोठा पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. एवढ्यावर तो सांगायचा, दुखणं कुठल्या सिलिंडरचं आहे. धामनोदचे ट्रकवाले घाट चढून त्याच्याकडे यायचे. ‘दिघे भिया के तो कान में मीटर लगा है,’ असं ते म्हणायचे, आणि रत्नाकर न ऐकल्यासारखं करून ते दोनदा ऐकायचा.

आणि साडू म्हणजे शरदचंद्र. नलिनीच्या धाकट्या बहिणीचा, सुनेत्राचा नवरा. मिरजेकडचा, डिप्लोमा केलेला, नोकरीसाठी देवासला आलेला. एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीवर सुपरवायझर. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि मराठी इतकी स्वच्छ की त्याच्यासमोर बोलताना माळव्यातल्या माणसाला आपली जीभ विसळून घ्यावीशी वाटावी. माणूस वाईट नव्हता. तेच तर रत्नाकरला जास्त लागायचं. वाईट असता तर एव्हाना त्याला नावं ठेवून मोकळं होता आलं असतं.

आता गाडीची गोष्ट. नलिनी आणि सुनेत्राचे थोरले भाऊ, डॉक्टर माधवराव, अकरा वर्षं अमेरिकेत काढून परतले, त्यांनी देवासला दवाखाना घातला आणि आईला, म्हणजे अक्कांना, आपल्याजवळ आणलं. येताना जपानी बनावटीची एक गाडी बोटीवर चढवून आणली होती. स्टिअरिंग डाव्या हाताला. मुंबईच्या गोदीतून ती गाडी रत्नाकरनेच चालवत आणली होती, आणि तेव्हापासून त्या गाडीवर आपला हक्क आहे, असं त्याने मनाशी धरलं होतं. महिन्यातून दोन रविवार तो आणि नलिनी इंदूरवरून बस बदलून देवासला जायचे. माणसं अक्कांना भेटायची. रत्नाकर गाडीला भेटायचा.

त्या गाडीला हिवाळ्यात विचित्र रोग लागला. रस्त्यावर धावताना काही तक्रार नाही, पण रेल्वे फाटकापाशी उभी राहिली की थरथरायची, खोकायची आणि बंद पडायची. रत्नाकरने तीनदा कार्बोरेटर खोलून धुतला. प्लग बदलले, पॉइंट घासले, स्क्रू फिरवून इंजिन उभ्या उभ्या जरा जोरात ठेवलं. दर वेळी चार दिवस बरं वाटायचं आणि पाचव्या दिवशी माधवरावांचं पोस्टकार्ड यायचं. शेवटच्या कार्डावर एकच ओळ होती: ‘गाडी पुन्हा तशीच.’ ती ओळ रत्नाकरच्या इतकी जिव्हारी लागली, की त्याने ते कार्ड नलिनीला न दाखवता बंबात घातलं.

त्या रविवारी ते देवासला पोहोचले तर शरदचंद्र आधीच येऊन बसलेला. गाडीच्या खणात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, गाडीबरोबरच आलेलं. ते त्याने बाहेर काढलं होतं. रत्नाकरला इंग्रजी अक्षरं नंबर प्लेटपुरती यायची. नलिनी मात्र कन्याशाळेत इंग्रजी शिकवायची. पाचवीच्या मुलींना मांजर आणि टेबल शिकवून शिकवून तिचं इंग्रजी बिचारं वर्गातच कोंडून पडलं होतं. तिने पुस्तक मांडीवर घेतलं, आणि अर्ध्या तासात ती आणि शरदचंद्र त्यात असे बुडाले की व्हरांड्यात दुसरं कुणी आहे हेच विसरले. मग तो काहीतरी हळूच म्हणाला आणि ती हसली.

‘‘रत्नाकरराव, सापडलं बहुतेक,’’ शरदचंद्र म्हणाला. ‘‘इंजिनाच्या अंगाला ती डबीएवढी गोल टोपी आहे ना? तो ईजीआर व्हॉल्व्ह. जळून बाहेर पडणाऱ्या धुरातला थोडा धूर त्यातून परत इंजिनात सोडतात.’’

‘‘परत? कशाला?’’

‘‘आतला जाळ जरा मंद राहावा म्हणून. जाळ फार तापला की जास्त विषारी धूर होतो. तिकडे त्याविरुद्ध कायदा आहे.’’

‘‘म्हणजे गाडी आपलाच उष्टा धूर खाते म्हणा की!’’ रत्नाकर मोठ्याने म्हणाला आणि त्याने नलिनीकडे पाहिलं. ती हसली नाही. ती ओळीवर बोट ठेवून पुढचं वाचत होती.

‘‘गाडी धावत असताना तो उघडायला हवा, उभी असताना घट्ट बंद,’’ ती म्हणाली. ‘‘कोळसा साचून उघडाच अडकला, तर उभ्या गाडीत धूर आत शिरतो, इंजिनाचा श्वास कोंडतो आणि ते बंद पडतं. अहो, अगदी आपल्या गाडीचंच लिहिलंय यात!’’

तिचे डोळे चमकत होते. चौदा वर्षांपूर्वी, नवी नवी असताना, ती एकदा डबा घेऊन गॅरेजात आली होती आणि ‘हे काय असतं, ते काय असतं’ असं विचारायला लागली होती, तेव्हा ते असेच चमकले होते. ‘तुला काय करायचंय,’ असं रत्नाकरने तेव्हा म्हटलं होतं. पुन्हा तिने कधी विचारलं नव्हतं. हे सगळं त्याला त्या व्हरांड्यात आठवलं असेल असं मात्र समजू नका. त्याला फक्त चमक दिसत होती, आणि ती दुसऱ्या कुणामुळे आली आहे एवढंच कळत होतं.

शरदचंद्राने दोन नट काढून टोपी सुटी केली. आत काळाकुट्ट कोळसा. रॉकेल, दात घासायचा जुना ब्रश आणि एक तार घेऊन त्याने तो तासभर खरवडला, आतली वाटही मोकळी केली. रत्नाकर शेजारी उभा होता. ‘‘रत्नाकरराव, जरा ते फडकं देता?’’ असं शरदचंद्र सहज म्हणाला. चाळीस मैलांच्या परिसरात ज्याच्या हाताखाली माणसं फडकी घेऊन उभी राहायची, त्या रत्नाकर दिघेने साडूला फडकं दिलं.

टोपी परत बसली. नलिनीने पुस्तकातली परीक्षा वाचून दाखवली: इंजिन चालू ठेवून टोपीला जाणारी रबरी नळी काढायची आणि तोंडाने हवा ओढायची. व्हॉल्व्ह ठीक असेल आणि वाट मोकळी असेल, तर तो उघडेल, धूर आत जाईल आणि इंजिन अडखळेल. शरदचंद्राने हवा ओढली. इंजिन अडखळलं. नळी सोडल्याबरोबर पुन्हा सुरळीत चालायला लागलं, इतकं मऊ की मडगार्डवर ठेवलेली काडेपेटी हलेना. माधवरावांनी शरदचंद्राच्या पाठीवर थाप मारली. दुपारी जेवताना अक्कांनी त्याच्या पानातल्या बाफल्यांवर तूप घातलं ते रत्नाकरने पाहिलं, मग आपल्या पानातलं पाहिलं आणि मनातल्या मनात दोन्ही मोजलं.

त्यानंतर दर खेपेला तेच. रत्नाकर अक्कांशी पाऊसपाण्याचं बोलत बसायचा आणि पलीकडे पुस्तकाचं पुढचं प्रकरण चालू असायचं. धारला परत आल्यावर सकाळच्या चहाला नलिनी उत्साहाने सुरुवात करायची, ‘‘काल ब्रेकचं झालं बरं का. त्यात असं दिलंय...’’

‘‘ब्रेक मला पुस्तकातून शिकायचे नाहीयेत.’’

मग ती कप उचलून आत जायची. आत जाऊन ती काय करते, याकडे रत्नाकरचे कान लागलेले असायचे. ज्या कानाला बेअरिंगची कुरकुर ऐकू यायची, तो कान आता बायकोच्या गुणगुणण्यात साडू शोधायला लागला. ती नवी साडी नेसली की देवासचा रविवार आहे का, हे तो मनात बघायचा. तिच्या वहीत ईजीआर हा शब्द आणि खाली शरदचंद्राच्या अक्षरातली आकृती सापडली, तेव्हा दिवसभर त्याच्या हातून एक काम धड झालं नाही. ते दोघं वावगं वागत नव्हते, हे त्याला पक्कं माहीत होतं. भर व्हरांड्यात, अक्कांच्या आणि सुनेत्राच्या डोळ्यांदेखत कोण काय वावगं वागणार? पण जळणाऱ्याला पुरावा लागत नाही, आणि रत्नाकर चांगलाच जळत होता.

मे महिन्यात अक्कांनी महेश्वरला नर्मदेच्या स्नानाचा हट्ट धरला. ठरलं असं: शनिवारी सगळ्यांनी गाडीने धारला यायचं, रात्री रत्नाकरकडे राहायचं आणि रविवारी पहाटे गुजरीचा घाट उतरून धामनोदवरून महेश्वर गाठायचं. शनिवारी दुपारी जेवणं होऊन मंडळी आडवी झाली. रत्नाकर अंगणात गाडी धूत होता. धुता धुता त्याने बॉनेट उघडलं. समोर ती टोपी.

मोटारखान्यात कृष्णरावांची एक पद्धत होती. विलायती गाडीतला एखादा भाग कशासाठी आहे ते कळत नसेल, किंवा तो बिघडला आणि इथे मिळत नसेल, तर त्या वाटेवर पत्रा ठोकून ती बंद करायची. अशा बंद केलेल्या वाटांवर संस्थानच्या गाड्या वीस वीस वर्षं चालल्या. रत्नाकरने तुपाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापला, त्याला दोन भोकं पाडली, टोपी काढली, खाली पत्रा ठेवला आणि टोपी परत कसून बसवली. पंधरा मिनिटांचं काम. इंजिन चालू केलं तर उभी गाडी लोण्यासारखी चालत होती.

त्याला इतका आनंद झाला की काय सांगावं! उद्या महेश्वरच्या घाटावर, फराळाच्या वेळी, सगळे जमलेले असताना विचारायचं, ‘शरदराव, तुमची ती टोपी कालपासून बंद आहे. कुणाला काही फरक जाणवला का?’ हे वाक्य त्याने हात धुताना चारदा घोळवलं. नलिनीचा चेहरा त्या वेळी कसा होईल, तेही बघून ठेवलं. हात पुसत तो घराकडे वळला तर नलिनी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ‘‘धुताय वाटतं गाडी?’’ एवढंच तिने विचारलं.

रविवारी उतारावर गाडी छान गेली. उतारावर कुठलीही गाडी छान जाते. महेश्वरला अक्कांचं स्नान झालं, देवदर्शन झालं, फराळाचे डबे उघडले. रत्नाकर घसा साफ करून ‘‘शरदराव’’ म्हणाला, तेवढ्यात अक्कांची जपमाळ पायऱ्यांवर घरंगळली आणि सगळे ती शोधायला धावले. जाऊ दे, घरी पोहोचल्यावर सांगू, असं त्याने ठरवलं. घरी ऐकणाऱ्यांचं लक्ष जास्त चांगलं असतं.

परतताना दुपारचे दोन वाजले होते. गाडीत सहा माणसं, वर मे महिन्याचं ऊन. गुजरी मागे पडली, घाटाची चढण सुरू झाली आणि दुसऱ्याच वळणाला रत्नाकरने कान टवकारले. बाकी कुणाला अजून काही ऐकू आलं नव्हतं. इंजिनात कुणी खडे हलवावेत तसा आवाज, आधी बारीक, मग स्पष्ट: टण, टण, टण. माधवरावांनी ॲक्सिलरेटर दाबला तसा तो वाढला. आत पेट्रोल वेळेआधी भडकत होतं. जाळ फार तापला होता. आणि तो जाळ मंद ठेवायला जो धूर हवा होता, त्याच्या वाटेवर तुपाच्या डब्याचा पत्रा होता. उष्टा धूर कशासाठी असतो, हे रत्नाकरला त्या क्षणी कळलं. त्यासाठी त्याला पुस्तक लागलं नाही.

तिसऱ्या वळणावर एका निंबाच्या सावलीत माधवरावांनी गाडी थांबवली. उष्णता दाखवणारा काटा वर चढला होता. माधवराव स्वभावाने तापट, त्यात उन्हाने आणखी तापलेले.

‘‘शरदराव, हे तुमचं काम!’’ ते खाली उतरताच कडाडले. ‘‘तो व्हॉल्व्ह कुणी खोलला होता? चार पानं वाचून ऑपरेशन करायला निघालात! म्हाताऱ्या आईला घेऊन निघालोय मी, इंजिन फुटलं असतं तर?’’

‘‘दादा, अहो, त्याला तर तीन महिने होत आले...’’ सुनेत्रा बोलायला गेली.

‘‘तू मध्ये बोलू नकोस.’’

शरदचंद्राचा चेहरा उतरला. ‘‘माझ्याकडूनच आत कोळसा राहिला असेल,’’ तो म्हणाला. ‘‘चुकलं माझं.’’

रत्नाकर तीन महिने ज्याची वाट बघत होता ते हेच. साडूची मान खाली, आणि आपण हाताची घडी घालून उभे. पण गंमत अशी की त्याला काही गोड वाटेना. शेजारी एक ट्रक थांबला होता. त्याचा ड्रायव्हर बिडी विझवून जवळ आला आणि त्याला ओळखून म्हणाला, ‘‘अरे, दिघे भिया! तुम हो, फिर कायकी चिंता?’’ रत्नाकरला त्याच्याकडे बघवेना.

नलिनीने पुस्तक उघडलं. पानं उलटून एका जागी थांबली. ‘‘वाट बंद झाली तर चढावर इंजिन खडखडतं, असं लिहिलंय यात,’’ ती म्हणाली. ‘‘दादा, जरा निवू दे, मग इंजिन चालू कर.’’

अर्ध्या तासाने इंजिन चालू झालं. तिने पदर खोचला, स्वतःच नळी काढली आणि तोंडाने हवा ओढली. शरदचंद्राने फडक्यातून टोपीखाली बोट लावून पाहिलं.

‘‘उचलतोय,’’ तो म्हणाला. ‘‘व्हॉल्व्ह उघडतोय व्यवस्थित.’’

पण इंजिन अडखळलं नाही. तिने पुन्हा ओढली. इंजिनाला पत्ताच नाही.

‘‘म्हणजे व्हॉल्व्ह ठीक आहे आणि वाट बंद आहे,’’ नलिनी सावकाश म्हणाली. ‘‘मार्चमध्ये हीच परीक्षा केली तेव्हा इंजिन अडखळलं होतं. म्हणजे शरदरावांच्या हातून काही राहिलं नव्हतं. बंद झालंय ते नंतर.’’

तिने रत्नाकरकडे पाहिलं. कालचा पाण्याचा तांब्या, अंगण, उघडं बॉनेट, सगळं त्या बघण्यात होतं. पण तिने ते बोलून दाखवलं नाही. ‘‘अहो,’’ ती म्हणाली, ‘‘तुमच्या कानाला काय वाटतं?’’

चौदा वर्षांत पहिल्यांदा तिने त्याला त्याच्या धंद्यातला प्रश्न चारचौघांत विचारला होता, आणि तो का विचारला हे त्याला बरोबर कळलं. सांगायचं असेल तर तुम्हीच सांगा, मी सांगणार नाही. तिने एवढी जागा करून दिली होती. त्याने डिकीतून पाना आणला, फडकं गुंडाळून दोन्ही नट काढले, टोपी उचलली आणि खालचा पत्रा दोन बोटांत धरून सगळ्यांसमोर केला.

‘‘हा मी लावला,’’ तो म्हणाला. ‘‘काल दुपारी. शरदरावांचा काही दोष नाही.’’

माधवराव पत्र्याकडे बघत राहिले. नलिनीचा चेहरा मात्र बदलला. ती हसली नाही, पण तिने सुटल्यासारखा श्वास सोडला आणि त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तीन महिने तो त्याच नजरेसाठी तळमळत होता. तो शहाणा असता तर तिथेच थांबला असता.

‘‘पण का?’’ माधवरावांनी विचारलं. ‘‘रत्नाकरराव, तुम्ही? कशासाठी?’’

मोटारखान्यात असंच करायचे, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. ते खोटंही नव्हतं. माधवराव दोन मिनिटं ओरडले असते आणि मंडळी गाडीत बसली असती. पण रत्नाकरला खरं बोलायचा कैफ चढला होता. एकदा उघडलंच आहे तर सगळंच बाहेर येऊ दे, असं त्याला झालं.

‘‘मला बघवत नव्हतं,’’ तो म्हणाला. ‘‘हे दोघं. दर रविवारी पुस्तकात डोकं घालून. चौदा वर्षांत माझ्याशेजारी बसून ही एकदा तरी अशी हसली का, विचारा तिला. साडू असला म्हणून काय झालं, माणूसच आहे मी पण. नाही बघवलं.’’

ट्रकच्या टपावरची कोंबडी ओरडली. ट्रकचा ड्रायव्हर मागे सरकला. अक्का माळ ओढायला लागल्या. शरदचंद्राच्या हातात अजून आपलं फडकं होतं. त्याने ते हळूच खाली ठेवलं आणि तो नलिनीपासून दोन पावलं दूर झाला. आणि सुनेत्राने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे पाहिलं. नलिनीने पुस्तक मिटलं.

पत्रा काढून टाकल्यावर गाडी एकही आवाज न करता घाट चढली. गाडीतही कुणी आवाज केला नाही.

रत्नाकरला मात्र हलकं वाटत होतं. मंडळी त्याच संध्याकाळी देवासला निघून गेली. सोमवारी सकाळी चहा पिताना तो नलिनीला म्हणाला, ‘‘काही म्हण, पण मी खरं बोललो. लपवलं नाही काही.’’

‘‘पत्र्याचं खरं बोललात,’’ ती म्हणाली. ‘‘तेव्हा मला किती बरं वाटलं, ते तुम्हाला कळायचं नाही. पुढचं कशाला बोललात?’’

‘‘जे वाटलं ते बोललो.’’

‘‘ते मला सांगायचं होतं ना. इथे, या ओट्यापाशी. चौदा वर्षं मी इथेच आहे.’’ ती कप विसळायला उठली. ‘‘बोलायला माणूस मिळालं म्हणून हसत होते मी. आता ते कुणाला पटवून देऊ?’’

‘‘लोक विसरतात गं.’’

त्यानंतर पावसाळाभर ते देवासला गेले नाहीत. शाळेच्या वह्या तपासायच्या आहेत, असं तिने दर वेळी सांगितलं. माधवरावांची गाडी बिघडली नाही, किंवा बिघडली असली तरी त्यांनी कळवलं नाही.

भाऊबीजेला मात्र जावंच लागलं. दोघी बहिणींनी माधवरावांना ओवाळलं, ओवाळणी घेतली. रत्नाकर मुद्दाम पुढे होऊन शरदचंद्राशी बोलला, कारखान्याचं विचारलं. शरदचंद्र नीट बोलला, हसतमुखाने बोलला. फक्त नलिनी खोलीत आली की तो काही ना काही निमित्त काढून अंगणात जायचा. मे महिन्यापर्यंत तो तिला हाक मारून बोलावायचा. आज त्याने दिवसभरात तिचं नाव घेतलं नाही. रत्नाकरने हे टिपलं, कारण असलं टिपायची त्याला आता सवयच लागली होती. त्याला जे हवं होतं ते नेमकं तसंच झालं होतं.

पुरुषांची पानं मांडली. नलिनी मसालेभात वाढत वाढत शरदचंद्राच्या पानाशी आली. ‘‘शरदराव, भात?’’ तिने विचारलं, कुणीही विचारेल तसं.

शरदचंद्राने वर पाहिलं नाही. तो उत्तर देणार तेवढ्यात सुनेत्रा पुढे आली आणि तिने बहिणीच्या हातातलं पातेलं घेतलं. ‘‘ताई, तू बस. त्यांना मी वाढते,’’ ती गोड आवाजात म्हणाली. वाढता वाढता तिने नलिनीचा चेहरा पाहिला, मग नवऱ्याचा पाहिला, मग पुन्हा नलिनीचा. भाताचे चार घास वाढायला तिला फार वेळ लागला.

ते बघणं रत्नाकरने ओळखलं. तीन महिने तो याच डोळ्यांनी बघत होता. या डोळ्यांना झोप कशी येत नाही, साडीचा रंग कसा टोचतो, गुणगुणणं कसं ऐकू येतं, हे त्याच्याइतकं त्या घरात कुणाला माहीत नव्हतं. तसं काही नाही गं, आईशप्पथ नाही, असं त्याला तिला ओरडून सांगावंसं वाटलं. पण घाटात सगळ्यांनी ऐकलं होतं ते त्याच्याच तोंडून. आता त्याच तोंडाने तो काय सांगणार होता?

नलिनी स्वयंपाकघराच्या दारात रिकामे हात घेऊन उभी होती.

‘‘सुनेत्रा,’’ तो म्हणाला, ‘‘मलाही वाढ थोडा.’’

तिने वाढला; पण तिचं लक्ष त्याच्या पानाकडे नव्हतं.